दाद कोणाची?

मैफलींना नियमाने जाणाऱ्या श्रोत्यांच्या ध्यानात एक गोष्ट आल्यावाचून राहत नाही. गवई गात असतो साऱ्या सभेसाठी. परंतु त्याची नजर मधूनमधून पुढच्या रांगेत बसलेल्या एखाद्या जाणत्या बुवांकडे वळते. एखादी बिकट तान घेऊन तो अलगद समेवर आला, की सभागृहातील टाळ्यांच्या कडकडाटापेक्षा त्या बुवांच्या हललेल्या मानेचे मोल त्याला अधिक वाटते. तान किती बिकट होती हे त्या एका माणसाला नेमके कळलेले असते, म्हणून ही दाद खरी. अशा कलावंताला आपण आदराने 'गवयांचा गवई' म्हणतो. मात्र कधी कधी असेही घडते, की गवई केवळ पुढच्या रांगेसाठीच गाऊ लागतो. मग मागचे श्रोते प्रथम चुळबूळ करतात, नंतर घड्याळाकडे पाहतात आणि अखेर एकेक करून उठून जातात.

गाण्याच्या बाबतीत याहून मोठा अनर्थ होत नाही. श्रोत्याला उठून जाण्याची मोकळीक असते आणि आज नाही तर उद्या दुसरी मैफल असते. परंतु काही कला अशा आहेत, की त्यांची निर्मिती आपल्याला वापरावी लागते. तिच्यात आपण राहतो, तिच्यावर बसतो, तिच्या पायऱ्या चढतो, तिच्या आधाराने वाट शोधतो. घराचा आराखडा, रुग्णालयाची इमारत, खुर्ची, रस्त्यावरची पाटी, छापील अर्ज या साऱ्यांना रूप देणारा जो रचनाकार, ज्याला आता आपण सरसकट डिझाइनर म्हणू लागलो आहोत, तोही जर पुढच्या रांगेकडे पाहून काम करू लागला, तर मागच्यांनी उठून जावे कोठे? या प्रश्नाचा विचार मला आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

आपल्या भाषेत 'दाद' या शब्दाला दोन अर्थ आहेत. गुणाचे कौतुक करणे म्हणजे दाद देणे, आणि अन्यायाचे निवारण व्हावे म्हणून गाऱ्हाणे नेणे म्हणजे दाद मागणे. रचनाकलेत हे दोन अर्थ समोरासमोर येऊन उभे राहतात. रचनाकाराला दाद मिळते ती समव्यवसायी मंडळींकडून. त्याच्या कृतीचा जाच ज्याला सोसावा लागतो, त्याने मात्र दाद मागावी कोणाकडे, हे कोठेच लिहिलेले नसते.

प्रथम समव्यवसायी लोकांची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. कोणतीही विद्या जाणकारांच्या परीक्षेवाचून वाढत नाही. सोन्याचा कस सोनाराने पाहावा, गिऱ्हाइकाने नव्हे. दोन दगडांमधील सांधा किती नेटका बसला आहे, अक्षराच्या वेलांटीचा तोल कोठे ढळला आहे, जिन्याच्या वळणावरचा प्रकाश कसा साधला आहे, या गोष्टी सामान्य माणसाला जाणवतात. पण त्या त्याला बोलून दाखवता येत नाहीत. त्या जाणकाराला सांगता येतात, म्हणूनच त्या पुढच्या पिढीला शिकवता येतात. शिवाय गिऱ्हाइकाची आवडही पुष्कळदा सवयीची बटीक असते. जे शेजाऱ्याने केले तेच तो मागतो. रचनाकाराने केवळ मागणीबरहुकूम काम करावे असे म्हटले, तर नवे काही जन्मालाच येणार नाही. तेव्हा जाणकारांच्या दादेची ओढ हा दोष नव्हे. ती दाद कशावरून दिली जाते आणि केव्हा दिली जाते, हा खरा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

पूर्वीच्या काळी जाणकार आणि वापरणारे एकाच गावात राहत. गवंड्याने बांधलेल्या वाड्यावरून दुसरा गवंडी रोज ये-जा करी. पहिल्या पावसात भिंतीला ओल आली, तर ती मालकाला दिसे आणि त्या दुसऱ्या गवंड्यालाही दिसे. आपल्या जुन्या वास्तुग्रंथांत स्थपती आणि यजमान यांचे नाते किती निकटचे मानले होते, हे मात्रांगुल या मापावरून कळते. यजमानाच्या किंवा आचार्याच्या मधल्या बोटाचे मधले पेर घ्यावयाचे, आणि तेच माप मानून त्यावरून पुढची मापे काढावयाची, असा तो संकेत. त्यातील शास्त्रार्थ काहीही असो, वास्तू ही कोणा एका देहधारी माणसाशी बांधलेली असते, ही जाणीव त्यामागे होती.

विसाव्या शतकात हे नाते पालटले, ते मुख्यतः छायाचित्रामुळे. इमारतीची ख्याती आता नियतकालिकांतून, प्रदर्शनांतून आणि पारितोषिकांतून पसरू लागली. मुंबईच्या वास्तुशिल्पीला शिकागोची इमारत पाहावयास मिळू लागली; पण ती कागदावर. छायाचित्र बहुधा इमारत पुरी होताच, माणसे राहावयास येण्यापूर्वी घेतले जाते. त्यात वळचणीला वाळत घातलेले कपडे नसतात आणि मुलांनी भिंतीवर ओढलेल्या रेघा नसतात. छायाचित्र गळत नाही, तापत नाही, घुमत नाही. जाणकारांचा निवाडा पहिल्या दिवसाच्या या रूपावर होतो. वापरणाऱ्याचा निवाडा दहा हजार दिवसांनंतर होतो, आणि तोपर्यंत तो ऐकावयास कोणी उरलेले नसते.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, प्लेनो गावानजीक फॉक्स नदीच्या काठी उभे आहे. शिकागोच्या डॉक्टर ईडिथ फार्न्सवर्थ यांना सुटीच्या दिवसांत राहण्यासाठी एक छोटे घर हवे होते. १९४५ साली त्यांची गाठ मीस व्हान डेर रोह या विख्यात वास्तुशिल्पीशी पडली आणि त्यांनी हे काम त्याच्यावर सोपविले. त्याने जे कल्पिले ते खरोखर अपूर्व होते. पांढऱ्या पोलादी खांबांवर जमिनीपासून सुमारे पाच फूट उंच उचललेली एकच खोली, आणि तिच्या चारही बाजूंना जमिनीपासून छतापर्यंत नुसती काच. १९४७ साली, म्हणजे घराचा पाया खणला जाण्यापूर्वीच, त्याची प्रतिकृती न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात मांडली गेली. मालकिणीने उंबरठा ओलांडण्याच्या चार वर्षे आधी जगातील वास्तुशिल्पींनी त्या घरात मनाने प्रवेश केला होता.

घर १९५१ साली पुरे झाले. उन्हाळ्यात ते तापू लागले, हिवाळ्यात काचांवर पाण्याचे थेंब जमू लागले, रात्री दिवा लावला की कीटकांचे थवे काचेवर धडकू लागले. उघडणाऱ्या खिडक्या नावापुरत्या. सर्व बाजूंनी उघड्या असलेल्या त्या खोलीत आपल्यावर सतत कोणाची तरी नजर आहे, असे त्या बाईंना वाटत राहिले. खर्च अंदाजाबाहेर गेला होता. पैशांवरून वास्तुशिल्पीने दावा लावला, बाईंनी उलट दावा लावला, आणि बराच काळ भांडण होऊन अखेर तडजोड झाली. नदीचा पूर येईल म्हणून घर उंचावर उचलले होते. तरी १९५४, १९९६ आणि २००८ साली पाणी आत शिरले. बाईंनी ते १९७२ साली विकले. २००३ साली ते जतनासाठी खरीदण्यात आले आणि आज ते संग्रहालय म्हणून पाहावयास मिळते. जगभरचे विद्यार्थी तेथे भक्तिभावाने जातात.

या कथेतून काही जण असा निष्कर्ष काढतील, की ते घर वाईट होते. तो मला मान्य नाही. ते घर सुंदर आहे, आणि त्याने पुढच्या कित्येक इमारतींना शिकविले, हेही खरे आहे. ज्या बाईंच्या पैशांनी ते उभे राहिले त्यांचा त्यात जीव रमला नाही, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही सत्ये शेजारी शेजारी ठेवून पाहिली, म्हणजे आपला विषय स्पष्ट होतो. संग्रहालय झाल्यावर त्या घराला त्याचा योग्य श्रोता मिळाला, कारण संग्रहालयात कोणी राहत नाही. ते मुळापासून पाहण्यासाठी बांधले गेले होते. त्यात राहण्याची जबाबदारी मात्र एका माणसावर येऊन पडली.

डॉक्टर फार्न्सवर्थ यांना निदान न्यायालयाची पायरी चढता आली. पैसे देणारी तीच आणि राहणारीही तीच होती. पैसे देणारा एक आणि राहणारा दुसरा असला, की दाद मागण्याचा मार्गच बंद होतो. सरकारी बांधकामांत बहुधा हीच स्थिती असते. अमेरिकेतीलच सेंट लुईस शहरात गरिबांसाठी प्रुइट-आयगो ही वसाहत बांधण्यात आली. मिनोरू यामासाकी हा तिचा वास्तुशिल्पी. अकरा मजल्यांच्या तेहतीस इमारती आणि सुमारे २,८७० बिऱ्हाडे. तिचा आराखडा कागदावर असतानाच, १९५१ साली, व्यवसायातील एका प्रतिष्ठित मासिकाने त्याची प्रशंसा केली. दर तिसऱ्या मजल्यावरच थांबणारे पाळणे आणि त्या मजल्यांवरचे रुंद सज्जे ही त्यातील नवी कल्पना होती. सज्ज्यांत शेजारीपाजारी जमतील, मुले खेळतील, आणि पाळणा कमी ठिकाणी थांबल्याने खर्चही वाचेल, असे चित्र रेखाटले होते.

१९५४ साली लोक राहावयास आले. पाळण्यातून उतरून आपल्या मजल्यावर पोहोचण्यासाठी अंधाऱ्या जिन्याची वाट चालावी लागे आणि त्या जिन्यांत लुटालूट होऊ लागली. सज्जे कोणाच्याच मालकीचे नव्हते, म्हणून ते गुंडांच्या मालकीचे झाले. १९७२ साली सरकारने स्वतःच सुरुंग लावून इमारती पाडावयास आरंभ केला आणि काही वर्षांत तेथे मोकळे मैदान उरले. या नाशाचा सारा दोष आराखड्यावर टाकणे अन्यायाचे होईल. शहरातील रोजगार आणि वस्ती ओसरत होती, वर्णभेदाचा इतिहास पाठीशी होता, देखभालीचा खर्च भाड्यातूनच भागवावा अशी व्यवस्था होती, आणि काटकसरीसाठी मूळ आराखड्यात काटछाटही झाली होती. तरीही एक गोष्ट शिल्लक राहते. पैसे सरकारचे, निवाडा मासिकाच्या वाचकांचा, आणि संसार भाडेकरूंचा. या तिघांपैकी तिसऱ्याला आराखडा ठरताना कोणी विचारले नव्हते.

शासकीय सेवेत असल्यामुळे मला या गोष्टीचा विशेष विचार करावा लागतो. माझ्यासारख्या अधिकाऱ्याच्या मेजावर आराखडे येतात, त्यांवर टिपणी लिहिली जाते, अंदाजपत्रक मंजूर होते. त्या कागदांत क्षेत्रफळ असते, दर असतात, मुदत असते. परंतु त्या इमारतीत सकाळी आठ वाजता कागद घेऊन येणारी म्हातारी कोठे बसेल, याची नोंद क्वचित असते. सरकार हे असे गिऱ्हाईक आहे, की ज्याला स्वतःचे डोळे, पाय आणि घाम नाही. समोर बोलणारे गिऱ्हाईकच नसेल, तर रचनाकाराने बोलावे कोणाशी? मग तो आपल्या बरोबरीच्या लोकांशी बोलू लागतो. हा दोष एकट्या रचनाकाराचा नाही. यजमान मुका राहिला, की कलावंत आपापसांत बोलू लागतात, हा नियमच समजावा.

वापरणारे मात्र मुके नसतात. त्यांचे परीक्षण मासिकांत छापून येत नाही इतकेच. पश्चिमेकडे काचेची भिंत असलेल्या एका कार्यालयात मी पाहिले आहे, की कर्मचाऱ्यांनी काचांवर आतून जुनी वर्तमानपत्रे चिकटविली होती. उद्घाटनाच्या दिवशीचे त्या काचांचे छायाचित्र प्रवेशद्वाराशीच चौकटीत लावलेले होते. कोठे दार उघडे राहावे म्हणून वीट लावलेली असते. कोठे सुबक धातूच्या पाटीखाली पुठ्ठ्याचा बाण टांगून त्यावर ठळक अक्षरांत 'भरणा इकडे' असे लिहिलेले असते. कोठे पावसाचे पाणी येते म्हणून व्हरांड्याला ताडपत्री बांधलेली असते. ही वर्तमानपत्रे, ती वीट, तो पुठ्ठा, ती ताडपत्री, हे वापरणाऱ्यांनी लिहिलेले अभिप्राय आहेत. ते वाचता येणे ही रचनाकाराच्या शिक्षणाची पहिली इयत्ता असली पाहिजे.

हा प्रकार इमारतींपुरता मर्यादित आहे असेही समजू नये. जाहिरातीच्या धंद्यात तो अधिक उघडपणे दिसतो. १९५४ साली सुरू झालेला आणि आज फ्रान्समधील कान शहरी भरणारा जाहिरातींचा उत्सव त्या व्यवसायात मोठ्या मानाचा समजला जातो. त्यामुळे केवळ स्पर्धेत पाठविण्यासाठी जाहिराती तयार करण्याची प्रथा पडली. माल विकणाऱ्याने त्या मागितलेल्या नसतात आणि माल घेणाऱ्याने त्या कधी पाहिलेल्या नसतात. मार्च २०१३ मध्ये आपल्याच देशात एका मोटारीच्या अशाच काही आक्षेपार्ह चित्रांवरून गदारोळ उठला. मोटार कंपनीने ती चित्रे मंजूर केलेलीच नव्हती. कंपनीला आणि जाहिरात संस्थेला जाहीर क्षमा मागावी लागली. जाहिरात ही वस्तुतः विकणारा आणि घेणारा यांच्यातील संभाषण. त्या दोघांनाही वगळून ती तयार होऊ शकते, हे पाहिले म्हणजे पुढच्या रांगेची ओढ माणसाला कोठवर नेते याची कल्पना येते.

आता दुसरी बाजू पाहू. स्वतंत्र भारतातील रचनाकलेचे सर्वांत यशस्वी काम कोणते, असे मला कोणी विचारले, तर मी निवडणुकीच्या चिन्हांचे नाव घेईन. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे सतरा कोटी मतदार होते आणि १९५१ च्या जनगणनेप्रमाणे शंभरांपैकी जेमतेम अठरा लोक साक्षर होते. प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी आणि तिच्यावर त्याचे चिन्ह. बैलजोडी, झोपडी, पणती, वटवृक्ष. खेड्यातील ज्या बाईने जन्मात लेखणी हाती धरली नाही, तिला ते चित्र एका दृष्टिक्षेपात ओळखता आले पाहिजे, एवढीच अट होती. आणि ही अट वाटते तेवढी सोपी नाही. पुढे निवडणूक आयोगाच्या सेवेतील एम. एस. सेठी या आरेखकाने अशी कितीतरी चिन्हे साध्या पेन्सिलीने रेखाटली. ते १९९२ साली निवृत्त झाले. त्या रेखाटनांचे कौतुक करणारी पुढची रांग तेथे नव्हती. तरी प्रत्येक निवडणुकीत कोट्यवधी माणसे त्यांच्यावर बोट ठेवत आली आहेत. याहून मोठी दाद ती कोणती?

चंडीगडची एक गोष्टही या संदर्भात सांगण्याजोगी आहे. १९५१ पासून ते शहर ल कॉर्ब्युझिए याच्या आराखड्याप्रमाणे उभे राहू लागले, तेव्हा तेथील कचेऱ्यांसाठी लागणारे सामान त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे याच्या देखरेखीखाली तयार झाले. सागवानी लाकूड, वेताची विणकर आणि स्थानिक सुतारांचा हात. कारकुनाने दिवसभर बसावे, मोडल्यास गावच्या सुताराला दुरुस्त करता यावे, असा साधा हिशोब त्या खुर्च्यांत होता. पुढे त्या जुन्या झाल्या, अडगळीत पडल्या आणि लिलावात मोडीच्या भावाने गेल्या. मग परदेशी व्यापाऱ्यांनी त्या नेल्या आणि तेथील श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत त्या लाखो रुपयांना विकल्या जाऊ लागल्या. २०११ साली केंद्र सरकारला त्यांच्या विक्रीवर निर्बंध घालावा लागला. बसण्यासाठी केलेली वस्तू चांगली झाली, तर जाणकारांची दाद तिला उशिरा का होईना, पण मिळते. पाहण्यासाठी केलेल्या वस्तूवर बसता येईलच, याची मात्र कोणी हमी देत नाही.

इंग्लंडात १९१७ साली जन्मलेले लॉरी बेकर १९४५ मध्ये कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी भारतात आले, काही वर्षे हिमालयाच्या पायथ्याशी पिठोरागडला राहिले आणि नंतर केरळात स्थायिक झाले. पहाडी लोकांची घरे पाहून आपले पुस्तकी शिक्षण किती अपुरे आहे हे त्यांच्या ध्यानात आले. विटांच्या जाळीदार भिंती, आत पोकळी ठेवून विटा रचण्याची काटकसरीची पद्धत, छतात सिमेंट वाचविण्यासाठी जुनी कौले भरण्याची युक्ती, या साऱ्यांतून त्यांनी सामान्य माणसाला परवडणारी आणि वारा खेळणारी घरे बांधली. मी एखाद्या वर्गासाठी बांधत नाही, नावाने ओळखतो त्या माणसासाठी बांधतो, अशा आशयाचे ते बोलत. २००७ साली ते वारले. त्यांच्या हयातीतच जाणकारांनी त्यांना भरपूर मान दिला. पण तो मान त्यांच्यामागे चालत आला.

याच मार्गाने जाणारे दुसरे नाव बाळकृष्ण दोशी यांचे. १९२७ साली पुण्यात जन्मलेल्या या वास्तुशिल्पीने इंदूरमध्ये अरण्य ही वसाहत आखली. इंदूरच्या श्रोत्यांना ती परिचित असेल. आखणीपूर्वी त्यांच्या संस्थेने शहरातील झोपडपट्ट्यांची पाहणी केली. लोक ओटा कसा वापरतात, दुकान आणि घर एकत्र कसे नांदते, बाया दुपारी कोठे बसतात, हे पाहिले. मग सुमारे साडेसहा हजार भूखंडांची मांडणी झाली. गरिबांतील गरीब कुटुंबाला जोते, नळ आणि संडास एवढेच बांधून द्यावयाचे. खोल्या त्याने ऐपतीप्रमाणे आणि गरजेप्रमाणे पुढे वाढवाव्यात, अशी ती योजना. रचनाकाराने आपली कृती जाणूनबुजून अपुरी ठेवली आणि ती पुरी करण्याचा अधिकार राहणाऱ्याला दिला. तेथे पहिल्या दिवशी छायाचित्र घेतले असते, तर त्यात मोकळी जोती आणि संडासांच्या रांगाच दिसल्या असत्या.

या वसाहतीला १९९५ साली वास्तुकलेचे आगाखान पारितोषिक मिळाले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. त्या पारितोषिकाची रीत अशी आहे, की इमारत काही काळ वापरात असली पाहिजे, आणि निवड होण्यापूर्वी परीक्षक मंडळ एखाद्या जाणकाराला प्रत्यक्ष त्या जागी धाडते. तो तेथे जाऊन पाहतो, राहणाऱ्यांशी बोलतो आणि मग अहवाल देतो. अमेरिकेतील वास्तुशिल्पींच्या संस्थेने १९६९ पासून असाच एक वेगळा मान देण्यास आरंभ केला. तो किमान पंचवीस वर्षे उभ्या असलेल्या इमारतीलाच मिळतो. म्हणजे जाणकारांची परीक्षा आणि काळाची परीक्षा यांची सांगड घालता येते. पुढची रांग हटविण्याचे कारण नाही. तिने अधूनमधून मागे वळून पाहिले म्हणजे पुरे.

तेव्हा करावयाचे काय? शासनाच्या दृष्टीने मला तीन गोष्टी सुचतात. पहिली ही, की सार्वजनिक इमारतीच्या करारातच एक कलम असावे. इमारत ताब्यात आल्यावर एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला, की वास्तुशिल्पीने तेथे एक संपूर्ण दिवस घालवावा, आणि त्या दिवसाचा मोबदला त्याला द्यावा. दुसरी ही, की आराखडा मंजूर करताना त्यावर अधिकाऱ्यांच्या सह्यांबरोबर त्या जागी प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचे म्हणणे लिहून जोडावे. रुग्णालय असेल तर परिचारिकेचे, शाळा असेल तर शिपायाचे, न्यायालय असेल तर बाहेर बसणाऱ्या अर्ज लिहिणाऱ्याचे. तिसरी गोष्ट आम्हा अधिकाऱ्यांनी स्वतः करावयाची आहे. उद्घाटनाच्या दिवशी फीत कापून परत येण्याऐवजी वर्षभराने त्या इमारतीत सामान्य नागरिकासारखे रांगेत उभे राहावे. यजमानाचे काम आम्ही नीट केले नाही, तर कलावंताला बोल लावण्याचा अधिकार आम्हांला पोहोचत नाही.

आणि जे तरुण या व्यवसायात शिरत आहेत, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की आपल्या मित्रांची, गुरुजनांची, स्पर्धेच्या परीक्षकांची दाद अवश्य घ्यावी. तिच्यावाचून हात घडत नाही. परंतु काम पुरे झाल्यावर एकदा त्या इमारतीचा केर काढणाऱ्या बाईला गाठावे. कोणत्या कोपऱ्यात झाडू पोहोचत नाही, कोणत्या पायरीवर पाय घसरतो, कोणत्या खिडकीची काच पुसायला शिडी लावावी लागते, हे तिच्याइतके दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसते. तिने मान हलविली, तर ती दाद आयुष्यभर पुरेल. आणि तिने तक्रार सांगितली, तर ती वहीत टिपून घ्यावी. पुढच्या आराखड्याचा आरंभ तेथूनच करावा.